शाल कुणी मागितली होती?

एरंडोल
मंगळवार, ६ जानेवारी २०२६

चि. सौ. दिपमाला हिला सासूचा आशीर्वाद. घ्यायचा तर घे, नाहीतर ओट्यावर ठेव, पण परत पाठवू नको.

तू माझा फोन उचलत नाहीस. स्वप्नीलचा तर नंबरच बंद करून टाकलास. ते मला कळतं, नवऱ्यावर राग काढायचाच असतो. पण मी काय केलं? म्हणून हे पत्र. नवलची भाजीची गाडी रोज धुळ्याला जाते, तिथून पुढे नरडाण्याला तुझ्या माहेरापर्यंत जायला तो कुरकुरत का होईना तयार झाला. सोबत डबा आहे. कळण्याच्या पुऱ्या आणि भरीत. रविवारच्या पार्टीतलं नव्हे, काल घरी वेगळं केलंय. तुझं तोंड आलंय म्हणून मिरची नावाला घातली. असलं भरीत खान्देशात कुणी खात नाही, पण तू खा.

आधी कामाचं लिहिते. येत्या सोमवारी, बारा तारखेला, तुझी तिसरी केमो आहे. जळगावच्या दवाखान्यातून फोन आला होता आणि मी "येतो" म्हणून सांगून मोकळी झाले. सहा घ्यायच्या आणि मग ऑपरेशन, असं डॉक्टरीणबाईंनी तुझ्यासमोरच सांगितलं. दोन झाल्यावर गाठ लहान झाली हेही त्याच म्हणाल्या. मध्येच सोडलं तर केलेलं पाण्यात जातं, हे तर त्यांनी दोनदा सांगितलं. तेव्हा तू मान हलवली होतीस. मी बघितलं होतं.

आता रविवारचं. तुझ्या नवऱ्याच्या मंडळाच्या पोरांनी तुझ्यासाठी भरीत पार्टी ठेवली, तपासण्यांचे आणि जाण्यायेण्याचे पैसे उभे राहावेत म्हणून. तुला विचारूनच ठरलं होतं. तू एकच गोष्ट मागितली होतीस, नाव आणि फोटो नको. आणि त्या शहाण्यांनी काय केलं? बसस्टँडवर फ्लेक्स. त्यावर तुझा लग्नातला फोटो, केसांत गजरा माळलेला, खाली सगळ्या पोरांचे गॉगल लावलेले फोटो, आणि भावी नगरसेवक तुझ्याहून मोठा. वाढदिवसाचा फ्लेक्स तसाच आजारपणाचा. त्यांना दुसरा येतच नाही.

आणि वर सत्कार! आपल्याकडे माणूस निवृत्त झाला तरी शाल-नारळ, निवडून आला तरी शाल-नारळ, पोरगं दहावी पास झालं तरी शाल-नारळ. कॅन्सर झाला तरी तेच. मी मागे चुलींपाशी होते. बायका कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होत्या आणि मी लाकडी बडगीत ती ठेचत होते. माईकवरून "आता दिपमाला वहिनींचा सत्कार" ऐकू आलं तेव्हा मला खरं सांगायचं तर बरंच वाटलं. म्हटलं, पोरीचं कौतुक होतंय. हात धुऊन पुढे आले तोवर त्या मेल्या भावी नगरसेवकाने शाल पांघरवताना तुझ्या डोक्याचा स्कार्फ ओढला गेला होता. टाळ्या चालूच होत्या. तू दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभी होतीस आणि समोर सगळ्यांचे मोबाईल वर.

तू स्टेजवरून उतरून सरळ झुलालच्या मोटरसायकलवर बसलीस. भाऊ जेवायला आला होता, त्याच्या हातात ताट होतं. ताट तसंच ठेवून त्याने किक मारली. चांगला भाऊ आहे. पण गाडी जरा हळू चालवत जा म्हणावं.

सोमवारचं लक्षात ठेव. मी सकाळच्या एसटीने जळगावला पोचते, तू तिकडून परस्पर ये.

तुझी सासू,
सुगंधा


एरंडोल
शनिवार, १० जानेवारी

दिपमाला,

डबा मिळाला. रिकामा.

घासूनपुसून, लख्ख. आत साखरेचा दाणा नाही, धान्याची चिमूट नाही. तुझी आई तानुबाई, तिला काय डबा परत करायची रीत माहीत नाही? तिने काहीतरी घातलं असणार आणि तू काढलं असणार. म्हणजे माझ्यावरही राग आहे. बरं, राहू दे. राग आला म्हणजे अंगात जीव आहे.

मला बसवत नाहीये. संक्रांतीच्या काळ्या ब्लाऊजांचा ढीग मशीनवर पडलाय, बायका दारात येऊन बसतात, आणि माझं मन एका शिवणीवर टिकत नाही. काल एका बाईला दोन्ही बाह्या एकाच हाताच्या लावून दिल्या. तीसेक वर्षांत असं झालं नव्हतं.

परवा मी त्या फ्लेक्सच्या मागे लागले होते. स्वप्नीलने रविवारी संध्याकाळीच तो उतरवला म्हणे, पण उतरवलेला फ्लेक्स गावात कधी वाया जातो का? शोधत शोधत गेले तर चिंधाच्या गोठ्यावर ताणलेला. तुझा चेहरा म्हशीच्या डोक्यावर. मी शिडी मागितली. चिंधा म्हणाला, "अक्का, थंडी शे, जनावरले लागस." मी म्हटलं, मग उलटा घाल. त्याने माझ्यासमोर उलटा घातला. तरी घरी येऊन मला चैन पडेना, म्हणून संध्याकाळी परत जाऊन त्याला जुनी ताडपत्री दिली आणि फ्लेक्स घेऊन आले. कापून टाकला. कापायला बसले तर स्वप्नील समोर येऊन उभा. कात्री मागितली त्याने. त्याचा स्वतःचा फोटो आधी कापला. मग बाहेर गेला आणि जेवायलाच आला नाही.

स्टेजवरचा तो व्हिडिओ गावभर मोबाईलवर फिरतोय, तो मात्र कापता येत नाही.

भिकुबाई समोरच्या ओट्यावरून ओरडते, "काय वं सुगंधा, सून माहेरले गई का? बठ्ठासनी देखं वं मोबाईलमा. बिचारी!" सगळ्यांनी बघितलं ते बघितलं, पण तुला बिचारी म्हटलेलं मला सहन होत नाही. मी तिला काय बोलले ते लिहीत नाही.

पण एक गंमत सांगते. गंमत नाहीच ती, तरी सांगते. तुझा व्हिडिओ बघून बायका घाबरल्यात. माप द्यायच्या निमित्ताने पडद्यामागे येतात आणि हळूच म्हणतात, अक्का, जरा हात लावून बघा ना, इथे काही आहे का. ती भिकुबाईसुद्धा आली! "माले बी देखी दे वं." मी ब्लाऊज शिवणारी बाई. दिवसभर छाती बत्तीस, छाती चौतीस म्हणत असते, म्हणून काय मला आतलं कळतं? कळलं असतं तर माझ्याच घरात, माझ्याच हातचे ब्लाऊज घालणाऱ्या सुनेचं नसतं कळलं? मी सगळ्यांना हाकलते, दवाखान्यात जा म्हणते. त्या जात नाहीत, दुसऱ्या दिवशी परत येतात.

काल त्यातल्या एकीची गाठ मात्र मलाही हाताला लागली. लहान वयाची आहे. तुझ्याहून लहान. नाव विचारू नकोस, शपथ घातली आहे तिने.

परवा सोमवार. स्वप्नील येणार नाही, मीच त्याला येऊ नको म्हटलं. फक्त तू आणि मी. नेहमीसारखं आधी इडली खाऊ आणि मग जाऊ.

ये गं.

सुगंधा


एरंडोल
गुरुवार, १५ जानेवारी

दिपमाला,

तुझी ओळ मिळाली. नवलने गाडीतूनच हात बाहेर काढून दिली. "अक्का, पैसे ज्यांचे त्यांना परत करा. मला त्या गावात हे डोकं घेऊन यायचं नाही."

बरं. पैशाचं आधी. ते दवाखान्यात तुझ्या नावावर जमा आहेत, मंडळाच्या हाती नाहीत. कुणी किती दिले ते मला ठाऊक नाही आणि मी कुणाला विचारणारही नाही. ज्यांनी दिले ते भरीत खाऊन गेले, त्यांचं त्यांना मिळालं. तुझ्यावर उपकार नाहीत कुणाचे. माईकवर नावं वाचून दाखवणाऱ्यांना मी मंडळाच्या ओट्यावर जाऊन सांगून आले, की यापुढे आमच्या घरातलं काही बोलायचं असेल तर आधी आपल्या आईला विचारून बोला. पोरं खाली माना घालून ऐकत होती. वाईट नाहीत गं ती. अक्कल नाही, मन आहे. अक्कल येईल हळूहळू.

आणि या गावात तुला कोण ये म्हणतंय? दवाखाना जळगावला आहे. नरडाण्याहून ये, नरडाण्याला जा. माझ्या घराचा उंबरा नको ओलांडूस. वर्षभर नको ओलांडूस. पण सुई चुकवू नको.

सोमवारी मी तिथे होते. एसटीतून उतरले, इडलीवाल्याने दोन प्लेट लावल्या, मी एक परत केली. मग त्या लांब बाकावर जाऊन बसले. दार उघडलं की मी उभी राहायची. कुणीतरी दुसरंच आत यायचं. नर्सने तीनदा विचारलं, मावशी, पेशंट कुठंय? शेवटी मी तिच्यावरच ओरडले. नंतर माफी मागितली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आठवडाभर इकडेतिकडे चालून जाईल, पुढच्या सोमवारी मात्र आणाच. रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर मला जास्त बरं वाटलं असतं.

मागच्या पत्रात मी तुझ्यापासून एक लपवलं होतं. मी एकटी जाणार नव्हते. ती मुलगी माझ्याबरोबर होती. तिला मी सांगितलं होतं, माझी सून येणार आहे, तुला सगळं समजावून सांगेल. तुझ्या जीवावर घेऊन गेले तिला.

आता तिने नाव सांगायला परवानगी दिली आहे, पण फक्त तुला. कापड दुकानवाल्या इंदरचंद भाऊंची चेलना. तू ओळखतेस, आपल्याकडे फॉल-बिडिंगला येते ती, चष्मा लावणारी. धुळ्याला साखरपुडा झालाय, वैशाखात लग्न. लग्नाच्या ब्लाऊजांचं माप द्यायला आली होती गेल्या आठवड्यात. मी टेप फिरवला, आकडे लिहिले, काहीच कळलं नाही मला. मग ती स्वतःच म्हणाली, मावशी, इथे दिवाळीपासून आहे. दिवाळीपासून! घरात आई, काकू, आजी सज्जनबाई, सगळ्या असून कुणालाच सांगितलं नाही.

मी म्हटलं, अगं दवाखान्यात का नाही गेलीस? तर म्हणाली, "जाणारच होते मावशी. पैशांचा प्रश्न नाही, पप्पा काहीही करतील. पण मग तो व्हिडिओ आला. आमच्या समाजात तर जास्तच कार्यक्रम होतात. मला पण सभागृहात बसवतील, माझा पण बहुमान करतील. दीपाभाभींसारखं मला डोकं धरून उभं राहायचं नाही."

टेप गळ्यात तसाच, आणि पडद्यामागे आम्ही दोघी उभ्या. बाहेर भिकुबाई विचारतेय, किती वेळ वं?

सोमवारी जळगावला तिची सुई टाकून तपासणी केली. रिपोर्ट शनिवारी येईल. ती बाकावर बसून सारखी दाराकडे बघत होती, माझ्यासारखीच. "भाभी आल्या नाहीत ना?" म्हणाली. मी खोटं बोलले, एसटी चुकली असेल म्हटलं. परतीच्या गाडीत तिने विचारलं, "मावशी, केमोला खूप त्रास होतो का?" मी म्हटलं, छे, काही नाही, सलाईन असतं. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी खिडकीबाहेर बघू लागले. मला काय माहीत? आत तू होतीस. मी बाहेर बाकावर तुझी चप्पल सांभाळत होते.

आता तुला एक सरळच सांगते, कारण मला आडून बोलता येत नाही आणि तू समोर असलीस की मला बोलताच येत नाही. तू आणि मी चार वर्षं एका चुलीवर भांडलो. तुझी भाजी मला आळणी लागते आणि माझं बोलणं तुला तिखट. पण घरात तुझं भांडं वाजत नाही तर मी दिवसभर या खोलीतून त्या खोलीत फिरते. मला तू हवी आहेस. माझ्याकडे राहा नाहीतर तानुबाईकडे राहा, पण जिवंत राहा. बस, लिहिलं. आता परत वाचणार नाही, नाहीतर फाडून टाकीन.

कालच्या संक्रांतीचा तिळगूळ सोबत आहे. गोड बोल असं म्हणत नाही. नुसतं बोल.

सुगंधा

शनिवारी परत भरून पाठवलेला डबा अजून आला नाही. नवल म्हणतो, तू ठेवून घेतलास. ठेव.


एरंडोल
रविवार, १८ जानेवारी, सकाळ

दिपमाला,

हे पत्र नवलच्या हातात नाही.

काल रिपोर्ट आला. चेलनाला स्तनाचा कॅन्सर आहे. बघ, लिहिला मी तो शब्द. तुझ्या वेळी दोन महिने मी "ते" आणि "तिथलं" करत बसले. काल दवाखान्यात डॉक्टरीणबाई बोलल्या, पोरगी चष्मा पुसत ऐकत राहिली, आणि मग मीच मोठ्याने म्हटलं, म्हणजे स्तनाचा कॅन्सर ना? शेजारचे दोघे वळून बघायला लागले. बघू देत.

लवकर सापडलाय, असं त्या म्हणाल्या. तुझ्यासारखंच होईल, औषधं आणि मग ऑपरेशन. उद्या सोमवारी तिला पुढच्या तपासण्यांना बोलावलंय, आणि उद्याच तुझी राहिलेली केमो.

संध्याकाळी तिने वडिलांना सांगितलं. इंदरचंद भाऊंनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि गल्ल्यावर बसून राहिले. मी तिथेच होते, चेलनाने मला सोडलंच नाही. मग ते म्हणाले, "सुगंधाबाई, मुंबईला नेतो, कुठे पण नेतो, खर्चाचं बघू नका." चेलना म्हणाली, "पप्पा, मुंबई नको. मी एकाच अटीवर दवाखान्यात जाईन. आधी मला दीपाभाभींशी बोलायचंय. त्यांनी सोडून दिलं असेल तर काहीतरी कारण असेल ना? मग मी तरी का घेऊ?"

ऐकलंस? मी तिला लाख सांगितलं की तू औषधाला कंटाळून गेली नाहीस, लोकांना कंटाळून गेलीस. तिला ते पटत नाही. तिला फक्त एवढंच दिसतं, की एक होती, तिने दोन घेतल्या आणि ती घरी निघून गेली.

तुझ्यावर ओझं टाकायचं माझ्या मनात नव्हतं. तू आजारी आहेस, तूच कशाला दुसरीला सांभाळायचं? रात्रीपर्यंत मी तिला नाहीच म्हणत होते. पण मग मी काय करू? माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. डॉक्टरीणबाईंकडे वेळ नाही. भरीत खायला सगळं गाव आलं होतं, पण त्या पोरीच्या प्रश्नाचं उत्तर गावात एकीजवळच आहे आणि ती नरडाण्याला दार लावून बसली आहे.

तिच्याशी खोटं बोलू नको. माझ्यासारखं "काही होत नाही" म्हणू नको. उलट्या होतात ते सांग. केस उशीवर कसे येतात ते सांग. तोंडाला चव नसते तेव्हा तू लिंबाची फोड चोखायचीस, तेही सांग. तू मला जे कधी सांगितलं नाहीस, रात्री न्हाणीघरात नळ सोडून रडायचीस, तेही वाटलं तर सांग. मला माहीत होतं. मी पाणी वाया जातं म्हणून ओरडायची, कारण दुसरं काय बोलावं ते सुचायचं नाही.

आणि शेवटी तिला काय सांगायचं ते तुझं तू ठरव. घेऊ नको म्हणायचं असेल तर तसं म्हण. पण तिच्या तोंडाकडे बघून म्हण. ती परत येईल आणि लग्नाच्या ब्लाऊजांचं माप पूर्ण कर म्हणेल. मी ते करणार नाही, दिपमाला. मी मशीन विकून टाकीन.

म्हणायचं नसेल तर तुझी फाईल पिशवीत घाल, तो निळा स्कार्फ घे नाहीतर उघड्या डोक्याने ये, आणि आजच निघा. जळगावला चेलनाच्या मामाकडे उतरायची सोय आहे. त्यांना काहीच सांगितलेलं नाही. सकाळी मी दवाखान्याच्या दारात असेन. स्वप्नील येतो म्हणतोय. मी त्याला सांगितलं, ये, पण लांब उभा राहा आणि हात रिकामे ठेव.

इंदरचंद भाऊ गाडीत बसून राहतील. त्यांना आत ये म्हणू नको, उतरले तर रडतील. झुलालच्या हाती गाडीतच चहा पाठव, बिनसाखरेचा.

चेलनाला मी सांगून ठेवलंय, पत्र हातात दे आणि काही बोलू नको. म्हणजे आत्ता तू उभ्या उभ्या हे वाचत असशील आणि ती तुमच्या ओट्याखाली उन्हात उभी असेल. तिने सकाळपासून पाणीसुद्धा घेतलेलं नाही.

तिला आत घे.

सुगंधा